विहीर कोणत्या कॉलममध्ये?

खाणधंद्यात ‘लीन सिक्स सिग्मा’ आणलं की उत्पादन वाढतं, खर्च घटतो आणि पर्यावरणही वाचतं, असं सांगणारी प्रेझेंटेशनं तुम्ही पाहिली नसतील, मी पाहिली आहेत. शेवटच्या स्लाइडवर हमखास एक हिरवं पान असतं. पहिल्या दोन दाव्यांबद्दल माझी तक्रार नाही, ते खरे आहेत. तिसऱ्याबद्दल मात्र मला भांडायचंय.

मी मंडणगड तालुक्यातला. नोकरी पुण्यात, काम सॉफ्टवेअरचं. त्यातही गाड्या, मशिनं, गोदामं यांचे आकडे गोळा करून साहेबांच्या स्क्रीनवर लाल, पिवळा, हिरवा रंग दाखवायचं. त्यामुळे ‘सायकल टाइम’, ‘युटिलायझेशन’, ‘रूट कॉज’ ही माझी रोजची भाषा आहे. आणि गावाला गेलो की दिसतो तो आमचा सडा, त्याच्यावर पडलेले चिरेखाणींचे चौकोनी खड्डे आणि एप्रिल-मेमध्ये खालच्या वाड्यांना येणारे टँकर. ही दोन जगं एकमेकांना ओळखत नाहीत, असं बरीच वर्षं वाटत होतं. तसं नाहीये. पहिल्या जगातली माणसं दुसऱ्या जगात येऊन काम करतात, फक्त विहिरीकडे बघत नाहीत.

आधी त्यांची बाजू नीट मांडतो, कारण ती मांडल्याशिवाय भांडण्यात मजा नाही.

मंडणगडला रेल्वे नाही, सांगण्यासारखा कारखाना नाही. उत्तरेला सावित्रीची खाडी, पश्चिमेला बाणकोट-वेळासचा समुद्र, दक्षिणेच्या अंगानं वाहणारी भारजा, आणि मध्ये डोंगर आणि सडे. सडा म्हणजे जांभ्याचं पठार. त्याच जांभ्याचे चिरे कापून आमची घरं बांधली, देवळं बांधली, गडगे घातले. पूर्वी माणसं हातानं चिरा घडवायची. आता रुळांवर सरकणारं कटिंग मशिन येतं. गोल पातं उभे-आडवे काप मारत जातं, मग माणसं खालून चिरा मोकळा करतात आणि ट्रक भरतात. किनाऱ्याजवळच्या काही सड्यांत, दापोली-मंडणगडच्या पट्ट्यात, जांभ्याबरोबर बॉक्साइटही सापडतं. तिथे पोकलेन आणि डंपरांची रांग.

आता समजा अशा एखाद्या खाणीवर गुणवत्ता-सुधारणेचा माणूस आला. तो पहिले आठ दिवस काहीच करणार नाही, नुसतं घड्याळ घेऊन बघत बसेल. डंपर भरायला किती वेळ, चढाला किती, खाली करायला किती, परत यायला किती, आणि मुख्य म्हणजे पोकलेनच्या पुढे नुसतं उभं राहायला किती. हा शेवटचा आकडा बघून मालकाला घाम फुटतो. डंपर पाच आणि पोकलेन एक असं असलं तर डंपर थांबून राहतात. पोकलेन दोन आणि डंपर तीन असले तर पोकलेनचा डिझेल फुकट जळतो. मग तो तुटक्या चिऱ्यांचे ढीग बघतो. कोणत्या मशिनवर जास्त तुटतात, कोणत्या पाळीत, पातं बदलायच्या आधी की नंतर. बहुतेक वेळा दोन-तीनच कारणांतून निम्म्याहून जास्त नुकसान निघतं. ती कारणं दुरुस्त केली की त्याच डोंगरातून जास्त शाबूत चिरे मिळतात, कामगाराची कंबर कमी मोडते, डिझेल वाचतं. ही सगळी चांगली कामं आहेत. खाणीवर राबणारी बरीच कुटुंबं घाटावरून, कर्नाटकातून आलेली असतात, लाल धुळीत पाण्याच्या पिंपाशेजारी पोरं खेळत असतात. त्यांचा एक तास जरी वाचला तरी मला आनंदच आहे.

सिक्स सिग्मा म्हटलं की मराठी माणसाला मुंबईचे डबेवाले आठवतात. ते नाव त्यांना कसं चिकटलं ही वेगळी गंमत आहे, त्यात शिरत नाही. मूळ पद्धत १९८६ साली मोटोरोला कंपनीत बिल स्मिथ या इंजिनिअरनं आणली. दहा लाख संधींमागे ३.४ पेक्षा जास्त दोष नकोत, हे तिचं प्रसिद्ध माप. टेलिफोनच्या कारखान्यात ते बरोबर होतं. दोष म्हणजे काय हे तिथे सगळ्यांना माहीत असतं, फोन लागला नाही की दोष.

खाणीत दोष म्हणजे काय?

या पद्धतीच्या पाच पायऱ्या असतात, त्यातली पहिली ‘डिफाइन’. गिऱ्हाईक कोण आणि त्याच्या दृष्टीनं दोष कोणता, हे आधी लिहून ठेवायचं. त्यानंतर मोजणी, विश्लेषण, सुधारणा, नियंत्रण. सगळं गणित, सगळे आलेख, सगळी हुशारी पुढच्या चार पायऱ्यांत असते. पण सगळं राजकारण पहिल्या पायरीत उरकलेलं असतं, तेही पंधरा मिनिटांत, एसी खोलीत. बॉक्साइटच्या खाणीचं गिऱ्हाईक म्हणजे माल घेणारा कारखाना. त्याच्या दृष्टीनं दोष म्हणजे मालात ॲल्युमिना कमी निघणं, सिलिका जास्त निघणं, जहाज वेळेवर न भरणं. चिरेखाणीचं गिऱ्हाईक म्हणजे घर बांधणारा. दोष म्हणजे कोपरा तुटलेला चिरा. खालच्या वाडीतल्या बाईला पहाटे चार वाजता हंडा घेऊन लांबच्या झऱ्यावर जावं लागलं तर तो दोष नाही. तो कुठल्याच कॉलममध्ये बसत नाही. ती बाई गिऱ्हाईक नाही, कामगार नाही, मालक नाही, पुरवठादारही नाही. फ्लोचार्टमध्ये तिच्यासाठी चौकोनच काढलेला नसतो.

आणि ती बाई जे पाणी भरते ते येतं कुठून, हे समजून घेतलं तर कॉलम का हवा ते कळेल.

जांभा हा भोकाभोकांचा दगड. १८०७ साली फ्रान्सिस बुकानननं मलबारच्या प्रवासवर्णनात त्याला ‘लॅटेराइट’ नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेवरून, कारण ओला असताना तो कापता येतो आणि हवेत घट्ट होतो. त्या भोकांतून, भेगांतून पावसाचं पाणी खाली मुरतं. जांभ्याच्या खाली चिकणमातीसारखा मऊ थर असतो, तिथे ते अडतं आणि आडवं सरकत सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर येतं. आमच्या वाड्या कुठे वसल्या आहेत बघा. सड्याच्या माथ्यावर कोणी राहत नाही, सगळी वस्ती उतारावर आणि पायथ्याशी, जिथे झरा फुटतो तिथे. गावाचा नकाशा पाण्यानं काढलाय.

आता साधं गणित करू. आमच्याकडे वर्षाला साधारण साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. म्हणजे एक हेक्टर सड्यावर साडेतीन कोटी लिटर पाणी पडतं. त्यातला दहावाच हिस्सा मुरतो असं धरा, जास्त धरत नाही. पस्तीस लाख लिटर. दहा हजार लिटरच्या टँकरनं मोजलं तर साडेतीनशे टँकर, एका हेक्टरमागे, दर वर्षी, फुकट, आणि रस्ता खराब न करता. त्याच हेक्टरवर तीन मीटर खोल खाण घातली तर तीस हजार घनमीटर दगड निघतो, म्हणजे दहा हजार ब्रासच्या वर. त्या ब्रासची किंमत बाजारात ठरलेली आहे, त्यावर रॉयल्टी ठरलेली आहे, पावती फाडली जाते. साडेतीनशे टँकरची पावती कोणी फाडत नाही. दगडाचे पैसे एकदाच येतात आणि टँकर दर वर्षी जातात, हा फरक कुठल्याही इंजिनिअरिंगच्या पोराला कळायला हवा. दुसऱ्या वर्षाच्या ‘इकॉनॉमिक्स’च्या पेपरात याहून अवघड गणित असतं.

कोणी म्हणेल, खड्ड्यात पाणी साठतं की, तळं होतं. होतं ना. जून ते डिसेंबर. पण मुरवणारा थरच काढून नेला आणि खालची चिकणमाती उघडी पडली की तिथे साठलेलं पाणी उन्हानं उडतं. झऱ्याला हवं ते एप्रिलमधलं पाणी.

आता हिरव्या पानाकडे येतो.

त्या स्लाइडचा युक्तिवाद असा: कार्यक्षम खाण कमी डिझेल जाळते, कमी माल वाया घालवते, म्हणून ती पर्यावरणाला चांगली. एका टनामागे बघितलं तर खरं आहे. पण डोंगर टनामागे संपत नाही, एकूण संपतो. स्टॅन्ली जेव्हन्स नावाच्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञानं १८६५ साली कोळशाबद्दल हेच दाखवलं होतं. वाफेची इंजिनं सुधारली, एका कामाला कोळसा कमी लागू लागला, आणि देशाचा एकूण कोळसा मात्र जास्त जळू लागला, कारण वापर परवडायला लागला. खाणीत हा प्रकार आणखी उघडा असतो, त्याला ‘कट-ऑफ ग्रेड’ म्हणतात. डोंगरात खनिज आणि माती अशी सरळ रेषा आखलेली नसते. इथे माल चांगला, पलीकडे जरा कमी, त्याच्या पलीकडे आणखी कमी. कुठपर्यंत खणायचं हे ठरवतो तो खर्च. टनामागचा खर्च शंभर रुपयांनी खाली आला की काल ज्या भागाला ‘वेस्ट’ म्हणत होतात तो आज ‘ओअर’ होतो. डोंगर तोच, पण कागदावरची खाण मोठी झाली. कार्यक्षमता वाढवून खाणीची भूक कमी होत नसते, तिच्या ताटात आणखी वाढलं जातं.

हे खोटं वाटत असेल तर आपल्या शेजारी गोव्यात बघा. गोव्याचं लोहखनिज हलक्या प्रतीचं. अनेक वर्षं त्यातला कमी लोखंडाचा भाग बाजूला टाकून त्याचे डोंगराएवढे ढीग केले होते. चीनची मागणी वाढली, भाव चढले, धुऊन-चाळून माल सुधारायची यंत्रं होतीच, आणि ते टाकलेले ढीगसुद्धा विकण्याजोगे झाले. २०१०-११ साली गोव्यातून पाच कोटी टनांच्या वर खनिज निर्यात झालं. मांडवी-झुवारीतून बार्ज, रस्त्यावर ट्रकला ट्रक लागलेला. लॉजिस्टिक्सच्या दृष्टीनं बघाल तर कौतुक करावं असा कारभार होता. पुढे २०१२ मध्ये शहा आयोगाचा अहवाल आला, खाणी बंद झाल्या. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली, आणि फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजांचं नूतनीकरणच रद्द केलं. ज्या पद्धतीला प्रत्येक टनाचा हिशोब ठेवल्याचा अभिमान होता, तिला किती टनांवर थांबायचं हे शेवटी कोर्टानं सांगावं लागलं.

गंमत अशी की थांबायचं कसं, हे त्या पद्धतीत लिहिलेलं आहे. ‘लीन’ ज्या टोयोटातून आलं तिथल्या ताइची ओहनोंनी सात प्रकारचे अपव्यय सांगितले. वाट बघणं, उगाच वाहतूक, साठा, दोष वगैरे. आमच्या कन्सल्टंट मंडळींना ही यादी पाठ असते. पण ओहनो त्यातला सगळ्यात वाईट अपव्यय कोणता म्हणत? अतिउत्पादन. गरजेपेक्षा जास्त, गरजेच्या आधी काढून ठेवणं. खाणधंद्याचं प्रेझेंटेशन बनवताना ही ओळ अलगद गाळली जाते आणि ‘डंपर थांबला’ हा सगळ्यात मोठा गुन्हा ठरतो.

टोयोटाच्या कारखान्यात एक दोरीही असते, अँडन म्हणतात तिला. काही चुकतंय असं दिसलं की कुठलाही कामगार ती ओढू शकतो. सुपरवायझर धावत येतो, वेळेत सुटलं नाही तर आख्खी लाइन थांबते, आणि ओढणाऱ्याला कोणी ओरडत नाही. खाणीत ही दोरी कुणाच्या हातात आहे? गोव्यात सत्तरी तालुक्यात सोनशी नावाचं गाव आहे. धूळ आणि पाणी यांच्या तक्रारी ऐकून घेतल्या जाईनात म्हणून एप्रिल २०१७ मध्ये तिथल्या लोकांनी खनिजाचे ट्रक अडवले. म्हणजे त्यांनी दोरी ओढली. चाळीसहून अधिक गावकऱ्यांना अटक झाली. कुठल्याही लीनच्या पुस्तकात हा धडा म्हणून शिकवायला हवा, पण शिकवणार कोण.

तिसरा माणूस गेनिची तागुची. जपानी इंजिनिअर, गुणवत्तेच्या शास्त्रात मोठं नाव, परीक्षेला त्यांच्यावर प्रश्न येतो. त्यांची गुणवत्तेची व्याख्या ऐका: वस्तू कारखान्यातून बाहेर पडल्यापासून समाजाला जे नुकसान होतं, ते जितकं कमी तितकी गुणवत्ता जास्त. समाजाला. गिऱ्हाइकाला नव्हे, कंपनीला नव्हे. त्यांच्या मनात बिघडणाऱ्या, आवाज करणाऱ्या, धूर सोडणाऱ्या वस्तू होत्या हे मला माहीत आहे. पण खाणीत वस्तू फाटकाबाहेर पडते तेव्हा मागे खड्डा राहतो, आणि तो खड्डा समाजाचं नुकसान करायला त्याच दिवशी सुरुवात करतो. २०२१ च्या जुलैत दोडामार्गजवळ कळणे इथल्या लोहखनिजाच्या खाणीत साठलेलं पाणी बांध फोडून खाली आलं. घरांत चिखल, शेतात चिखल, बागांत चिखल. तागुचींच्या मापानं त्या खाणीतून निघालेल्या मालाचा दर्जा काय धरायचा? त्या मालात लोखंड किती टक्के होतं याचा दाखला मात्र प्रयोगशाळेतून मिळाला असेल.

म्हणून माझा आक्षेप गुणवत्ता-पद्धतीवर नाही. ती अर्धीच आणली जाते, यावर आहे. सोयीचा अर्धा भाग.

आमच्या गावात एक खाणवाले आहेत, लांबच्या नात्यानं मामा लागतात. माणूस वाईट नाही. गावच्या पालखीला पहिली वर्गणी त्यांची. गेल्या मे महिन्यात त्यांच्याशी बोलत होतो.

“मामा, खालच्या वाडीची विहीर यंदा मार्चमध्येच गेली म्हणतात.”

“अरे, पाऊस कसा झाला ते बघ की. सप्टेंबरात पडलाच नाय.”

“आणि खाण?”

“खाणीनंच गेली हे कशावरून? तू इंजिनिअर ना? दाखव सिद्ध करून.”

त्यांचा प्रश्न एकदम बरोबर आहे. आणि त्या प्रश्नाचं उत्तर शोधायला लागणारी पद्धत शंभर वर्षांपूर्वी तयार झालेली आहे. १९२४ साली वेस्टर्न इलेक्ट्रिकमध्ये काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्टनं एक आलेख काढला, ‘कंट्रोल चार्ट’. आकडे रोज थोडे वर-खाली होणारच, त्यात घाबरायचं काही नाही. पण नेहमीच्या चढ-उताराच्या वर आणि खाली दोन रेषा आखून ठेवा. आकडा त्या रेषांच्या बाहेर गेला, किंवा सलग एकाच दिशेनं घसरत राहिला, तर काहीतरी वेगळं घडलंय असं समजा आणि शोधायला लागा. विहिरीच्या पातळीला हे तंतोतंत लागू होतं. पाऊस कमी झाला तर सगळ्याच गावांच्या विहिरी खाली जातील, खाण नसलेल्या सड्याखालच्यासुद्धा. खाणीखालचीच विहीर वेगळी वागली, तर मामांना उत्तर मिळालं. पण त्यासाठी खाण सुरू होण्याआधीचे आकडे लागतात आणि शेजारच्या विहिरीचे लागतात. ते नाहीत. ‘सिद्ध करून दाखव’ हे वाक्य एवढ्या आत्मविश्वासानं म्हणता येतं, कारण सिद्ध करायचं साधन कोणी जमवलेलंच नसतं. मोजलं नाही याचा फायदा दर वेळी एकाच बाजूला मिळतो.

मोजता येत नाही अशातला भाग नाही. आपल्या राज्याचं ‘महाखनिज’ नावाचं ऑनलाइन तंत्र आहे. चिरा, वाळू, खडी वाहणाऱ्या गाडीला वाहतूक पास लागतो, जीपीएस लागतो, गाडी कुठून निघाली कुठे गेली ते दिसायला हवं, कारण रॉयल्टी बुडते. नियम किती पाळला जातो हा प्रश्न सोडून द्या, पण सरकारला गाडी दिसायला हवी आहे. दुसरीकडे भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, वर्षातून चार वेळा. तीही प्रत्येक वाडीची नव्हे. म्हणजे डोंगरातून निघालेला दगड मिनिटामिनिटाला कुठे आहे याची नोंद, आणि त्या डोंगराखालचं पाणी कुठे आहे याची नोंद वर्षातून चारदा, तीही दुसऱ्याच गावच्या विहिरीत. मी डॅशबोर्ड बनवतो म्हणून सांगतो, ज्या गोष्टीचा आकडा सेकंदाला येतो आणि ज्या गोष्टीचा तीन महिन्यांनी येतो, त्या दोन्ही एका स्क्रीनवर आल्या तर साहेब कुठे बघणार हे सांगायला नको.

केंद्राच्या खाण मंत्रालयानं २०१६ पासून खाणींना तारे द्यायला सुरुवात केली, हॉटेलांसारखे, एक ते पाच. खाणीनं किती झाडं लावली, खड्डे किती बुजवले, लोकांसाठी काय केलं, असे प्रश्न असतात. कल्पना चांगली आहे. पण फॉर्म आधी खाणवालाच भरतो आणि मग सरकारी तपासणी होते. स्विगीवर हॉटेलवाल्यानं स्वतःच्या बिर्याणीला पाच तारे दिले तर आपण हसू. जेवणाऱ्यानं तारे द्यायचे असतात, एवढं तर ॲप बनवणाऱ्या प्रत्येकाला कळतं.

“मग खाणी बंद करायच्या का? पोरांनी मुंबईलाच जायचं का?” हे मला दर वेळी ऐकवलं जातं, बहुतेकदा मुंबईला राहणाऱ्यांकडून. माझं घर जांभ्याचं आहे. सिमेंटच्या ब्लॉकपेक्षा ते उन्हाळ्यात थंड राहतं आणि मला ते बदलायचं नाही. चिरा हवा. पण रोजगाराचा मुद्दा काढणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावं की कार्यक्षमतेचं माप ‘माणशी किती ब्रास’ असं असतं. ते सुधारलं म्हणजे तेवढ्याच ब्रासला माणसं कमी लागली. एकाच स्लाइडवर उत्पादकता वाढेल आणि रोजगारही वाढेल असं लिहिलेलं असतं, तेव्हा एक तर गणित चुकलंय किंवा उत्पादन इतकं वाढवायचं ठरलंय की सडाच शिल्लक राहू नये. दुसरं, आंबा-काजूची कलमं, भाजीपाला, गुरं, वेळासला कासवांच्या हंगामात येणारे पाहुणे, हेही रोजगारच आहेत आणि ते सगळे त्याच झऱ्यावर उभे आहेत. त्यांचं नुकसान खाणीच्या खर्चात धरून मग खाण किती फायद्यात आहे ते सांगा. २०११ साली माधव गाडगीळ समितीनं पश्चिम घाटाच्या संवेदनशील पट्ट्यांत नव्या खाणींना परवानगी नको म्हटलं, तेव्हा कोकणात तिला विकासविरोधी ठरवून झालं. अहवाल वाचला किती जणांनी, हा माझा खवचट प्रश्न आहे. त्या अहवालाचं मुख्य म्हणणं ग्रामसभेला विचारा असं होतं.

आणि पाण्यावर हक्क कोणाचा, त्यात कोण मोजला जातो आणि कोण नाही, हा प्रश्न या भागाला नवीन नाही. डॉ. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे आमच्याच तालुक्यातलं. १९२७ साली सत्याग्रह झाला ते महाड सावित्रीच्या पलीकडे. आजही सड्याखालच्या वाड्या फिरून बघा, आधी कोरडी पडणारी विहीर कोणत्या वाडीची असते ते.

तर खाणीवर गुणवत्ता आणायचीच असेल तर पूर्ण आणा. गिऱ्हाइकांच्या यादीत खालच्या वाडीचं नाव लिहा. खाणीच्या डॅशबोर्डवर डंपरच्या शेजारी विहिरीचा कॉलम घाला, आठवड्याला एक आकडा, आणि तो गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच दिवशी पडू दे. खाणीचं एक चक्र ‘चिरा ट्रकमध्ये भरला’ इथे संपलं असं धरू नका. खड्डा भरून, वर माती पसरून, त्यावर रोप लागलं की चक्र पूर्ण झालं असं धरा, मग तुमचा सायकल टाइम किती निघतो ते आम्हालाही कळू द्या. विहीर शूहार्टच्या खालच्या रेषेखाली गेली की मशिन थांबलं पाहिजे आणि कारण शोधून झाल्याशिवाय सुरू होता कामा नये, मग कारण पाऊस निघो नाहीतर खाण. दोरी ग्रामसभेच्या हातात द्या, आणि ती ओढली म्हणून कोणावर केस होणार नाही हे लिहून द्या.

यातलं काहीही महाग नाही. विहिरीची पातळी मोजायला टेप आणि त्याच्या टोकाला एक वजन पुरतं. गावातली आठवीतली पोरगी हे काम दहा मिनिटांत करते, आणि आलेख काढायचं सॉफ्टवेअर मी दोन शनिवार-रविवारांत फुकट लिहून देतो. खर्च आहे तो थांबण्याचा. आकडे किमान एका पूर्ण वर्षाचे लागतील, आणि त्यात मे महिना लागेलच, खाण सुरू होण्याच्या आधीचा. म्हणून परवान्यात पहिली अट एवढीच घाला: खालच्या विहिरीचं मे महिन्यातलं रीडिंग कागदावर येईपर्यंत सड्यावर रूळ टाकायचे नाहीत.